दुपारचा फोन

मुलांनो, वाचता वाचता एक करून बघा. कान जरा उघडे ठेवा आणि रोज येणारा, पण आज न आलेला, एखादा आवाज ऐकू येतो का ते पाहा. सोपं नाही ते. आलेला आवाज कुणालाही ऐकू येतो, न आलेला ऐकायला थोडी सवय लागते. समजा, तुम्ही जिना चढताना शेजाऱ्यांचा कुत्रा रोज भुंकतो आणि आज भुंकला नाही. तुम्ही वर पोचता, थबकता, आणि काय राहिलं म्हणून मागे वळून बघता. आता तसंच एक टेबल डोळ्यांसमोर आणा. मोठं, उतरतं, नकाशे काढायचं. त्याच्या कडेला एक टेलिफोन. टेबलापाशी एक माणूस, पन्नाशीकडे झुकलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला नकाशेवाला म्हणतात. जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला आहे. त्याच्या हातात पेन्सिल आहे, पण ती कागदाला टेकलेली नाही. फोन वाजत नाहीये, आणि तो ते ऐकतो आहे.

हा फोन त्याच्या आईचा असायचा. तो नोकरीला लागला त्या पहिल्याच दिवशी दुपारी तिने फोन केला होता. वरिष्ठ समोर उभे, हातात नवी कोरी पट्टी, आणि फोनमधून अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा प्रश्न, "जेवलास का रे राजा?" त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पलीकडच्या टेबलावर नकाशांच्या नकला काढणारा ट्रेसर बसायचा, तो तेव्हापासून फोन वाजला की म्हणायचा, "घ्या, जेवणखात्याची चौकशी आली." घरी जाऊन नकाशेवाला आईवर चिडला होता. ती म्हणाली होती, बरं, नाही करत. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. पुढे वडील गेले, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, ऑफिस एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेलं, टेबलं बदलली, ट्रेसरचे केस पिकले, पण तो नंबर त्याच्यामागोमाग आला आणि त्या नंबरामागोमाग आई आली. जेवलास का. भाजी संपवलीस का. छत्री नेलीस का. तो हूं हूं करत मान आणि खांदा यांच्यात फोन धरून रेघा मारत राहायचा. कित्येक नळ त्याने आईच्या आवाजात आखले असतील. त्याचं लक्ष नसायचं. लक्ष द्यावं असं त्यात काही नव्हतंच मुळी. हे आता आठवलं की त्याला कुठेतरी बारीक टोचायचं, बुटात खडा असावा तसं.

मग आई विसरायला लागली. आधी दुकानाची वाट, मग दूध तापत ठेवलेलं, मग शेजारणीचं नाव. माणसाचं डोकं एका कडेने रिकामं होत जातं असं त्याला वाटायचं, पण तसं नसतं. जुने नकाशे वाळवी खाते तेव्हा कधी मधलाच एक चौक जातो आणि आजूबाजूच्या गल्ल्या शाबूत राहतात. आईच्या डोक्यातला तो मधला चौक म्हणजे त्याचा चेहरा. एका संध्याकाळी तो घरी आला, चप्पल काढली, आणि खुर्चीतली आई एकदम ताठ बसली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "या, भाऊसाहेब. पाणी देऊ का?" त्याला आधी ती गंमत वाटली. मग कळलं की तिच्या लेखी तो बाहेरच्या खोलीत राहणारा कुणी सभ्य गृहस्थ आहे. नात तिला ओळखू यायची, निदान छोटी म्हणून. सून म्हणजे आतल्या खोलीत बोलत बसणारी बाई. आणि मुलगा म्हणजे पाण्याच्या ऑफिसात असतो, तरुण आहे, फार काम करतो, जेवणाकडे लक्ष देत नाही. एकदा, एकदाच, त्याने तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "आई, अगं मीच तो. बघ ना माझ्याकडे." तिने पाहिलं. मग हात सोडवून घेतले आणि ती रडायला लागली. कुणी परका माणूस येऊन असं काही म्हणू लागला तर कुणीही रडेल. त्यानंतर त्याने तो प्रयोग केला नाही.

पण तिचं बोट विसरलं नव्हतं. घरातला फोन जुना होता, तबकडी फिरवायचा. लहानपणी त्याच तबकडीवर आईने त्याला आकडे शिकवले होते. भोकात बोट घालायचं, अडेल तिथपर्यंत न्यायचं आणि सोडून द्यायचं. पण ती स्वतः सोडत नसे. बोट भोकात तसंच ठेवून ती तबकडीबरोबर परत यायची, जणू आकड्याला घरापर्यंत पोचवून देते आहे. रोज दुपारी, काय कळत असेल ते तिचं तिला ठाऊक, ती उठायची, फोनपाशी स्टुलावर बसायची आणि तिचं बोट एकेक आकडा पोचवून यायचं. तिला नंबर विचारला तर सांगता येत नव्हता. कागदावर लिहून दिला तर तो कसला, असं विचारायची. पण बोट चुकत नसे. इकडे टेबलावरचा फोन वाजायचा, तो उचलायचा, आणि तिकडून आवाज यायचा, "जेवलास का रे राजा?" आता तो पेन्सिल खाली ठेवायचा. आता त्याचं पूर्ण लक्ष असायचं. दिवसातल्या त्या थोड्या वेळात, कोपर टेबलावर टेकून, तो कुणाचा तरी मुलगा असायचा. बाकी सगळा वेळ, स्वतःच्या घरातसुद्धा, तो भाऊसाहेब होता.

"आई, तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? तू सांग. आवाज बसलाय तुझा."

"नाही गं. धूळ आहे इथे."

"बरं, ऐक. इथे ते एक गृहस्थ असतात बघ, बाहेरच्या खोलीत. माणूस चांगला आहे, पण खोकतो किती! आणि न विचारता पंखा बंद करतो. मी इथे घामाने चिंब, आणि हा आपला पंखा बंद करून पेपर वाचतोय."

"मग तू सांगायचंस त्यांना."

"छे, परक्या माणसाला कसं सांगायचं? बायको त्याची आत बसते दार लावून. दोघांचं फारसं पटत नसावं. आपल्याला काय करायचंय म्हणा."

तो हसायचा. संध्याकाळी घरी जाऊन तो पंखा चालूच ठेवायचा, आणि आई भाऊसाहेबांकडे जरा कौतुकाने बघायची. हे असं जगणं विचित्र होतं, पण जमून गेलं होतं. फक्त त्याने स्वतः फोन करायचा नाही, एवढं एक पथ्य होतं. एकदा केला होता. घंटा वाजली तशी ती दचकली, उचलून म्हणाली, "इथे कुणी नाही," आणि ठेवून दिला. वाजणाऱ्या फोनमधून कोण येईल याचा तिला नेम नव्हता. तिच्या बोटाने जिथे पोचवलं तिथे मात्र तिचा मुलगाच असणार, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून आवाज ओळखायची तिला गरजच पडत नसे. त्याने उगाच तेव्हा वाटून घेतलं होतं की आपला आवाज तरी आईला ओळखू येतो.

घरात नेट आणि फोनसाठी फायबरची नवी लाइन घ्यायचं ठरलं ते बायकोच्या कामासाठी. ती घरातूनच एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. दिवसभर कानांवर हेडफोन आणि तोंडात "मी समजू शकते, सर." मध्येच नेट गेलं की तिकडचा माणूस अधिकच भडकायचा. आणि टेलिफोन कंपनीकडून तसं कळवलंच होतं की तांब्याच्या तारा आता काढणार, आज ना उद्या सगळ्यांनाच काचेच्या तारेवर यावं लागणार. ज्या दिवशी बसवायला आले त्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली. मुलगी शाळेत होती. आलेली तंत्रज्ञ पोरसवदा होती, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलायला तडफदार. तिने भिंतीला भोक पाडलं, केसाएवढी तार दोन बोटांत धरून उजेडाकडे करून दाखवली, आणि म्हणाली, "काका, तुमच्या अख्ख्या गल्लीचं बोलणं यातून जाईल." आई खुर्चीतून बघत होती. "भाऊसाहेब, या कोण?" "फोनवाल्या आहेत." "अस्सं. चांगलं आहे हो. मुलींनी शिकावं."

"हा जुना फोन काढू ना?" तंत्रज्ञ म्हणाली. "बटणांचा देते, छान मिळतात."

"नको. आईला हाच कळतो."

"बरं. मग तारेच्या या नव्या डब्याच्या मागे जोडते. हं, बघा, टोन आला." तिने फोन त्याच्या कानाला लावला. टोन होता. मग तिने आपल्या मोबाइलवरून फोन लावला आणि जुनी घंटा खणखणली. आई दचकली, बायको आतून दार किलकिलं करून बघून गेली. सगळं ठीक होतं. त्याने उचलून हॅलो म्हटलं, तंत्रज्ञ दोन हातांवरून त्याला हॅलो म्हणाली, दोघं हसली. आवाज इतका स्वच्छ होता की शब्द संपला की मागे काहीच उरत नव्हतं. सही करून तो पुन्हा ऑफिसला गेला. तबकडी फिरवून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टोन येतो, घंटा वाजते, मग आणखी काय बघायचं? जन्मभर नळांवर काम केलेला तो माणूस. नवीन जोडणी केल्यावर पाणी एका बाजूने येतं का एवढंच बघून चालत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवत आला होता.

त्या दुपारपासून फोन वाजला नाही. पहिल्या दुपारी त्याने घड्याळाकडे पाहिलं, पाहुणे आले असतील म्हटलं, आणि हातातलं काम पुढे ओढलं. खरं सांगायचं तर त्या दुपारी काम फार चांगलं झालं. रेंगाळलेला एक मोठा नकाशा त्याने एका बैठकीत पुरा केला, हात झटकले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतं आहे. त्या हलकेपणाची त्याला पुढे कितीतरी दिवस शिसारी येत राहिली. दुसऱ्याही दुपारी फोन आला नाही. तिसऱ्याही. आणि मग त्याला कळलं. हे होणार होतंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकेक करून जाईल. शेवटची गल्लीसुद्धा वाळवीने खाल्ली, बोटही विसरलं. आई आता त्याला फोनवरसुद्धा ओळखत नव्हती, कारण फोनवर कुणी असतं हेच ती विसरली होती. हे इतकं सरळ, इतकं अपेक्षित होतं की त्याला दुसरं काही सुचलंच नाही. दुःखाची तयारी आधीपासून करून ठेवली की हे असं होतं. ते यायच्या आत आपणच जाऊन दार उघडतो.

"काय हो, आई रुसल्या का?" ट्रेसरने विचारलं. "जेवणखातं बंद दिसतंय."

"दुपारी झोपते आता ती."

"मग तुम्ही जेवता की नाही ते कोण बघणार? मी विचारू का? जेवलास का रे राजा?"

ट्रेसरच्या मनात काही वाईट नव्हतं. तो सगळ्यांचीच थट्टा करायचा. पण नकाशेवाल्याने इतक्या जोरात पेन्सिल ठेवली की टोक मोडलं, आणि ट्रेसर चहा आणायला गेला. संध्याकाळी घरी आल्यावर तो आईकडे बघायचा. ती गप्प असायची, जरा उतरलेली. "पाणी देऊ का, भाऊसाहेब?" एवढं मात्र न चुकता म्हणायची. तो म्हणायचा, नको, घेतो मी. मग पंखा लावून पेपर उघडायचा आणि पेपराआड तसाच बसून राहायचा. मुलगी, जिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे, काहीतरी सांगत समोरून जायची. शाळेत कुणाचा दात पडला, कुणी कुणाला चिमटा काढला. तो म्हणायचा, "हो का? वा." आईला फोनवर पूर्वी म्हणायचा तसंच, हूं हूं. बायकोला त्याने एकदा विचारलं, "आई दुपारी काय करते?" बायको हेडफोन मानेवर घेऊन म्हणाली, "बोलते की तुझ्याशी रोज. आवाज येतो मला." तो चमकला, पण लगेच त्याला वाटलं, एकटीच बोलत असेल. तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारी घरी येऊन बघावं असं त्याच्या मनात यायचं, पण तो येत नव्हता. काय दिसेल ते आपल्याला माहीत आहे, असं तो स्वतःला सांगायचा.

शेवटी आला तो अंग मोडून आलं म्हणून. ताप होता, ट्रेसरने जवळजवळ ढकलूनच घरी पाठवलं. त्याने आपल्या किल्लीने दार उघडलं आणि दारातच थांबला. आई स्टुलावर बसली होती. फोन कानाला, दुसऱ्या हाताचं बोट तबकडीत. ती आकडा अडेपर्यंत न्यायची आणि बोटासकट परत आणायची. न्यायची, परत आणायची. शांतपणे, एकही न चुकता. पायाशी जमिनीवर भिंगरी गृहपाठाची वही उघडून बसली होती, गणवेश अजून अंगावर. आईने शेवटचा आकडा पोचवला आणि वाट बघू लागली. खोली इतकी शांत होती की फोनमधून येणारा आवाज त्याला दारापर्यंत ऐकू आला. टूं, टूं, टूं, टूं. आईने त्याला पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "श्श, भाऊसाहेब. मुलाला लावतेय. एंगेज आहे."

तो चपला न काढताच खाली बसला. तबकडीची भाषा त्या नव्या डब्याला कळतच नव्हती, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याच्यामागोमाग बाकीचं सगळं कळलं. तो तिकडे टेबलापाशी ती विसरली म्हणून बसला होता, आणि त्याच वेळी ती इथे बोट झिजवत बसली होती. रोज. ती त्याच्याहून चांगलं लक्षात ठेवून होती. त्याने मुलीला जवळ ओढलं आणि कुजबुजत विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"रोजच. नवीन डबा आला तेव्हापासून."

"आणि तू सांगितलं नाहीस मला?"

"काय सांगायचं? आजी म्हणाली, तू कुणाशी तरी बोलत असतोस." भिंगरीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "नसतोस का?"

आईने फोन ठेवला. पुन्हा उचलला. हाताच्या अंतरावर तिचा मुलगा जमिनीवर बसला होता आणि ती त्याला फोन लावत होती. आई, मी इथे आहे, हे शब्द त्याच्या घशापर्यंत आले आणि ते सोडवून घेतलेले दोन हात त्याला आठवले. "असतो कामात तो," ती फोनकडे बघत म्हणाली, कुणाला असं नाही. "पण इतकं कुणाशी बोलत असेल, बाई?"

दुसऱ्या दिवशी ताप असतानाच तो टेलिफोन कंपनीच्या खिडकीवर गेला. "मला तांब्याची लाइन परत हवी." खिडकीतला माणूस चांगला होता, त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "काका, परत कशी देणार? तुमच्याकडच्या तारा ओढून बाहेर काढल्यासुद्धा. खाली आता नुसत्या रिकाम्या नळ्या आहेत." तो मान हलवत बाहेर आला. जमिनीखाली काय उरतं आणि काय काढून नेतात, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. मग त्या तंत्रज्ञ पोरीलाच त्याने शोधून काढलं. तिने जीभ चावली. "अरे देवा. फिरवून बघायला हवं होतं ना मी." तिने कुठूनतरी एक छोटी डबी पैदा केली, तबकडीचे आकडे नव्या यंत्राला समजावून सांगणारी, आणि आणून जोडून दिली. या वेळी त्याने स्वतः फिरवून पाहिलं. आईसारखं बोट न सोडता, एकेक आकडा पोचवत. पलीकडे ट्रेसरने उचललं. "नकाशेघर. कोण?" "मीच." "अहो, तुमच्या टेबलावर तुम्ही नसताना तुम्हीच फोन करता? ताप चढलाय का डोक्यात?" पण त्याच्या आवाजात आनंद होता. त्याला सगळं माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाला टेबलापाशी बसला आणि त्याने पेन्सिल हातातच घेतली नाही. ट्रेसरनेही खुर्ची न वाजवता काम केलं. ती दुपार गेली. पुढचीही गेली. तिसऱ्या दिवशी त्याने रजाच टाकली आणि घरी खुर्चीत बसून राहिला, पेपर उघडून. आईची वेळ झाली. ती उठली, फोनजवळून खिडकीशी गेली, बाहेर पाहिलं आणि परत येऊन बसली. स्टुलावर आता तिने घडी केलेले टॉवेल रचून ठेवले होते. तो न राहवून म्हणाला, "आज मुलाला फोन नाही केलात?"

"कशाला, भाऊसाहेब?" ती हसली, पाहुण्यासमोर हसावं तसं. "सारखं सारखं त्रास देणं बरं दिसतं का? मोठा झालाय तो."

"लागेल आज. दुरुस्त केलाय फोन. लावून तर बघा." त्याने टॉवेल उचलले, फोन तिच्या मांडीशी आणून धरला. तिने त्याचा मान राखायला तो उचलला, तबकडीवर बोट ठेवलं. बोट एका भोकात गेलं, थांबलं, निघालं, दुसऱ्या भोकावर घुटमळलं. तिने आपल्याच बोटाकडे नवलाने पाहिलं. मग फोन हळूच जागेवर ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली. त्याच्या एकट्याच्या कल्पनेत जे आधीच होऊन गेलं होतं ते आता खरोखर झालं होतं. आणि ते आजारामुळे आपोआप झालं, असं तो यापुढे कधी म्हणू शकणार नव्हता. काही दिवस उत्तर मिळालं नाही म्हणून एक म्हातारी बाई समजूतदारपणे मागे सरली होती.

तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. मागून आईचा आवाज आला, जरा संकोचलेला.

"भाऊसाहेब, तुम्ही रोज बाहेर जाता. एक काम कराल का?"

"सांगा ना."

"माझा मुलगा पाण्याच्या ऑफिसात असतो. नकाशे काढतो. कधी गाठ पडली तर एक निरोप द्याल?"

"देईन. काय सांगू?"

तिने बराच विचार केला. "सांगा, आई रागावलेली नाही."

त्याने काचेवर कपाळ टेकलं. "सांगतो," तो म्हणाला.

तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेला, संध्याकाळी परत आला, चपला काढल्या. आई काल काय बोलली ते विसरली असेल, असं धरूनच तो चालला होता. पण ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती. भिंगरी टेबलाशी चित्र रंगवत होती.

"भेटला का हो?"

"भेटला," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला..." तो तिच्यासमोर खाली बसला. "म्हणाला, आईला सांगा, मी जेवलो. आणि माझा फोन खराब होता. मी कुणाशीही बोलत नव्हतो."

"बघा! मी म्हणतच होते." तिचा चेहरा उजळला. "बारीक झालाय का?"

"थोडा."

"होणारच. तुम्ही सांगा त्याला, वेळेवर जेव म्हणावं." तिने हात पुढे केला आणि त्याच्या बाहीवरचा खोडरबराचा भुगा झटकला, परक्याच्या बाहीवरचा झटकावा तसा, बोटांच्या टोकांनी, आणि हात मागे घेतला. "फार उपकार झाले तुमचे."

"त्यात काय," तो म्हणाला, आणि त्याला उठता येईना.

भिंगरी मघापासून रंग थांबवून बघत होती. ब्रश पाण्यात ठेवून ती उठली, फ्रॉकला हात पुसले आणि आजीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, तिकिटाच्या खिडकीवर रांगेत उभं राहतात तशी. आजीचं झालं आहे याची तिने खात्री करून घेतली. मग पुढे आली आणि त्याच्यासमोर बसली. आत्तापर्यंत त्याला अरेतुरे करणारी ती पोर खालच्या आवाजात म्हणाली,

"भाऊसाहेब, माझा पण एक निरोप आहे. माझ्या बाबांना द्याल का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"त्यांना सांगा, दुपारी घरी फोन करा म्हणावं. मी शाळेतून आलेली असते. आजी घाबरेल, म्हणून पहिल्याच घंटेला मी उचलीन." ती थांबली, आणखी काही राहिलं का ते तिने आठवून पाहिलं. "काम असं काही नाहीये. नुसता करा म्हणावं."

आणि उत्तर ऐकून जायचं म्हणून ती तिथेच, मांडी घालून, बसून राहिली.